ठकीच्या वाटेवरच्या पट्ट्या

३ फेब्रुवारी

ताईचा फोन आला. आधी हवापाणी, मग तब्येती, मग मुद्दा, हा तिचा क्रम ठरलेला. तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी एक शुश्रूषागृह आहे. तळमजल्यावर खोली, हाकेला परिचारिका. तिथली एक जागा तिने दादासाठी धरून ठेवली आहे. "महिनाअखेरीला येते, बघते आणि घेऊन जाते," म्हणाली. घेऊन जाते! दादा म्हणजे काय इस्त्रीला टाकलेला सदरा?

पण तिचं अगदीच चुकतं असंही म्हणवत नाही. गेल्या आठवड्यात मी भाजी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर दादा स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसलेला. पाणी प्यायला उठला होता. हाड मोडलं नाही, कोपर तेवढं सोलवटलं. त्याला कंपवात आहे, पण हात फारसे थरथरत नाहीत. दगा देतात ते पाय. बरा चालत असतो आणि दार आलं की पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. जन्मभर बस चालवली त्याने. म्हणतो, "इंजिन चालू आहे गं, गियरच पडत नाही."

ताईला म्हटलं, महिनाभर थांब, मी काहीतरी करते. काय करणार ते सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाही ते ठाऊक नव्हतं. फोन ठेवल्यावर सुचलं. दादा उठतो म्हणून पडतो. त्याला उठायची गरजच पडली नाही तर?

५ फेब्रुवारी

माळ्यावरून रोबोटची पेटी काढली. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं. मला शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी ही पेटी दिली होती: दोन मोटारी, तीन चाकं, एक हिरवा बोर्ड आणि नाना रंगांच्या वायरींचं गाठोडं. तेव्हा जोडून बघितली होती. टेबलाभोवती फिरायची, भिंतीला धडकायची आणि धडकतच राहायची. आमचे एक मुख्याध्यापक तसे होते.

आता हिला डोळे, कान, ट्रे, सगळं जोडायचं. दादाच्या खुर्चीपाशी पाणी, गोळ्या, चष्मा, पेपर आणून देईल अशी करायची. दादा खुर्चीतून बघत होता.

"पुन्हा खेळ मांडलास का, मास्तरीणबाई?"

"खेळ नाही. तुझ्या दिमतीला माणूस ठेवतेय."

"पगार काय देणार?"

"दोन बॅटऱ्या."

"मला त्यापेक्षा थोडा बरा होता," म्हणाला.

८ फेब्रुवारी

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन आले. तिथल्या दुकानदाराच्या एका डोळ्याला कायम भिंग लावलेलं असतं, म्हणून आम्ही त्याला भिंगवाला म्हणतो. त्याने अंतर मोजणारा सेन्सर दिला. दिसायला घुबडाच्या तोंडासारखा, दोन गोल डोळे. एका डोळ्यातून आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज सोडतो, दुसऱ्याने त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि समोर काही आहे की नाही ते ओळखतो.

तो बसवल्यावर गाडी भिंतीसमोर थांबली. खुर्चीसमोर थांबली. माझ्यासमोर थांबली. मी टाळी वाजवणार, एवढ्यात ती सरळ पडद्यात घुसली आणि पडद्याचं टोक चाकाला गुंडाळून घेऊन तिथेच घरघरत बसली. मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, परत येऊच देत नाही, हे शाळेत मीच शिकवायचे. दादा हसला. पुष्कळ दिवसांनी असा पोट धरून हसला. "पदर सांभाळ गं ठकी," म्हणाला. झालं बारसं.

१० फेब्रुवारी

ठकीला वाट दाखवायला फरशीवर काळी चिकटपट्टी लावली. स्वयंपाकघरापासून, बोळातून, बाहेरच्या खोलीत दादाच्या खुर्चीपर्यंत. तिच्या पोटाखाली रेषा ओळखणारा सेन्सर बसवला आहे. पांढऱ्या फरशीवरून उजेड परत येतो, काळ्यावरून येत नाही, एवढ्यावर ती रेषा धरून चालते.

चालली, पण झिंगल्यासारखी. मी म्हटलं, फरशीच उतरती असेल. दादा म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

१२ फेब्रुवारी

आता अडचण अशी की आपण कुठे पोचलो हे ठकीला कळत नाही. दोन्ही उंबऱ्यांपाशी वेग कमी करायला हवा, नाहीतर पेला कलंडतो. भिंगवाल्याने युक्ती सांगितली: वाटेवर आडव्या पट्ट्या लावा आणि तिला त्या मोजायला लावा. काल छोट्या छोट्या लावल्या, तर बाई झोकांड्या खात त्यांच्या शेजारून गेल्या. म्हणून आज बोळाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबच लांब लावल्या. शाळेची लाकडी पट्टी घेऊन सगळीकडे सारखं अंतर ठेवलं, फुटाहून थोडं जास्त. दोन्ही उंबऱ्यांच्या अलीकडे-पलीकडे एकेक. गुडघ्यांची वाट लागली.

दादा बराच वेळ फरशीकडे बघत होता.

"घरात झेब्रा क्रॉसिंग केलंस की गं."

"मग? शिस्त नको का?"

"त्याच्यापाशी गाडी थांबते, मास्तरीणबाई. चालतात ती माणसं."

त्याला प्रत्येक गोष्टीत वाहतूक दिसते.

१५ फेब्रुवारी

दोन पट्ट्यांचे कोपरे उचलले गेलेत आणि एकीवर चपलेचा ठसा आहे. नळ दुरुस्त करणारा येऊन गेला, त्याचंच काम. झाडणाऱ्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी उडी मारून जाते हो, तुमची ती ठकी चावेल म्हणून."

दादाचा चष्मा स्वयंपाकघरातल्या फळीवर सापडला. मीच ठेवला असणार.

१७ फेब्रुवारी

आज आनंदाचा दिवस. दादाने आपणहून ठकीत रस घेतला! मी माझ्या खोलीतून वायरींना डाग देऊन जोडायचं काम आटोपून बाहेर आले तर विचारतो, "तुझी ही लाइन बाथरूमपर्यंत नेता येईल का?"

"ठकीचं बाथरूममध्ये काय काम?"

"तिकडे वळण आहे ना. गाडीची खरी परीक्षा वळणावर होते."

बोलायला मुद्देसूद. नेली लाइन. आडव्या पट्ट्याही लावल्या, वळणावर जरा जवळजवळ, तसं त्यानेच सांगितलं. "आणि दाराच्या आत एक लाव," म्हणाला. लावली. माणसाला काहीतरी छंद हवा. हे आधी सुचलं असतं तर त्याचे किती दिवस बरे गेले असते.

१९ फेब्रुवारी

मला स्वतःचीच काळजी वाटायला लागली आहे. बिस्किटांच्या डब्याचं झाकण मी घट्ट लावते, चाळीस वर्षांची सवय आहे. आज ते नुसतं ठेवलेलं होतं. काल ऊन येतं म्हणून लावून घेतलेली बोळातली खिडकी आज मी बँकेतून आले तर उघडी. दादाला विचारलं, कोणी आलं होतं का? म्हणाला, "कोण येणार?"

म्हणजे मलाच विसरायला होतंय. ताईला हे कळता कामा नये. नाहीतर ती दोन जागा धरेल.

२१ फेब्रुवारी

ठकीने पाणी पोचवलं! न सांडता! ट्रेखाली वजन ओळखणारा सेन्सर बसवलाय. पेला उचलेपर्यंत ती खुर्चीसमोर उभी राहून बारीक आवाजात टुंटुं करते. दादाने पेला घेतला, घोटभर प्याला आणि परत ठेवला.

"कसं आहे?" मी विचारलं.

"छान. तहान नव्हती, पण छान."

दोन आठवडे खपले मी, आणि याला तहान नव्हती! जरा वाईट वाटलं. पण तोंडदेखलं तरी कौतुक केलं त्याने, तेही कमी नाही. भिंगवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, आता तुम्ही चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर लावा, म्हणजे पट्ट्यांची कटकटच नको.

२४ फेब्रुवारी

नवा सेन्सर झकास चालतो. चाकाच्या आत एक भोकाभोकांची चकती, चकती फिरली की मोजणी. किती फेऱ्यांनंतर उंबरा येतो हे ठकीला आता पाठ आहे.

ताई चार दिवसांनी येणार. तिला फरशी आरशासारखी लागते. दुपारी दादा झोपला होता तेवढ्यात आडव्या पट्ट्या सगळ्या उपटून काढल्या. उभी रेषा तेवढी ठेवली. चिकट राहिलं होतं ते तेलाने पुसलं, मग साबणाने. फरशी काय चकाकते आहे!

दादा उठून बसला. बोळाकडे बघत राहिला.

"किती मोकळं वाटतं ना?"

"हं," म्हणाला.

२६ फेब्रुवारी

दादाचं काहीतरी बिनसलंय. कालपासून खुर्ची सोडत नाही. जेवण अर्धवट. सकाळी बाथरूमच्या दारात पाय असे अडकले की मी त्याला धरलं आणि दोघंही पडता पडता वाचलो. इतकं वाईट कधीच नव्हतं. मधला आठवडाभर तर तो बाथरूमला जाताना मला हाकसुद्धा मारत नव्हता. हे माझ्या आजच लक्षात आलं. की आधीपासूनच त्याची तब्येत उतरत होती आणि मी मोटारींच्या नादात बघितलंच नाही?

ठकी मात्र एकदम तयार आहे. वेळेवर पाणी नेते, वेळेवर गोळ्या नेते. तो तोंड फिरवून बसतो. ती टुंटुं करत उभी राहते.

२७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी मी त्याची बॅग भरली. चार सदरे, औषधं, दाढीचं सामान. ताई एरवी उंटावरून शेळ्या हाकते, पण या वेळी तिचंच खरं होतं असं मी मनाशी मान्य केलं होतं. मी एकटी त्याला धरू शकत नाही, आणि बॅटरीवर चालणारी ट्रेवाली गाडी तर मुळीच धरू शकत नाही. बॅग त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, "दादा, ताई म्हणते तसंच करू या. तुझे पाय फार बिघडलेत."

तो बॅगेकडे बघेना. म्हणाला, "पट्ट्या का काढल्यास?"

"कुठल्या पट्ट्या? त्या होय. ठकीला आता लागत नाहीत."

"मला लागतात."

मला वाटलं त्याला झोप झाली नाही, काहीबाही बोलतोय. "तुला कशाला लागतात?"

"चालायला," म्हणाला. मग जरा चिडूनच, "नुसती फरशी समोर आली की पाय कुठे टाकायचा तेच पायाला कळत नाही. पट्टी असली की ती ओलांडायची, एवढंच. मग पडतो गियर. का पडतो, ते मला विचारू नकोस. रोज जाऊन येत होतो. पाणी पीत होतो, खिडकी उघडत होतो. तुझी बिस्किटं खात होतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू असलीस की बघतेस. बघितलंस की धावत येतेस, आणि धावत आलीस की माझे पाय गळाठतात. तू दार लावून खुडबुडत बसायचीस ना, तेव्हा जायचो." मग म्हणाला, "आणि चालतोय असं सांगितलं असतं तर तू ठकी गुंडाळून माळ्यावर टाकली असतीस. त्या डबड्यासाठी सकाळी गाणं गुणगुणत उठायला लागली होतीस तू."

मी शास्त्राची शिक्षिका. कोणी काहीही सांगितलं तरी आधी करून बघायचं. चिकटपट्टीचं भेंडोळं आणलं आणि खुर्चीच्या पुढे एक आडवी पट्टी लावली.

तो खुर्चीच्या हातांना धरून उभा राहिला. पट्टीकडे बघितलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. मी दुसरी लावली. दुसरा पाय. मी गुडघ्यांवर मागे मागे सरकत पट्ट्या लावत गेले आणि तो त्या ओलांडत माझ्यामागून येत राहिला. उंबऱ्याशी मी घाबरून वर बघितलं, तर म्हणाला, "खाली बघ, रस्त्याचं काम चालू ठेव." उंबरा ओलांडला. बोळ ओलांडला. स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा माझे गुडघे सोलून निघाले होते आणि तो ओट्याला टेकून माठातलं पाणी पीत होता. पेला संपवला, आणखी एक घेतला.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. महिनाभर मी त्याने उठू नये म्हणून जिवाचं रान केलं, आणि तो माझ्या पाठीमागे चालत होता. पट्ट्या मी स्वतःच्या हाताने काढल्या, तेलाने पुसून काढल्या. तो म्हणाला, "आता रडू नकोस, मला वाकून उठवता यायचं नाही तुला."

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, काही रुग्णांना अशा आडव्या रेषांची मदत होते खरी. सगळ्यांना नाही, कायमची असंही नाही. भिंतीला धरायला दांडे लावा आणि पट्ट्या राहू द्या. संध्याकाळपर्यंत बाथरूमचा मार्गही पुन्हा सुरू केला आणि बाहेरच्या दारापर्यंत एक नवा काढला.

२८ फेब्रुवारी

बेल वाजली. मी उठले. दादा म्हणाला, "बस. आणि माझ्याकडे बघू नकोस, पेपर वाच."

मी पेपर धरला. एक अक्षर वाचलं नाही. बाहेरच्या दाराशी त्याची चप्पल थबकली ते ऐकू आलं. ताईने पुन्हा बेल वाजवली. तिला धीर कुठला? उठून धावावंसं इतकं वाटलं की खुर्ची घट्ट धरून बसले. मग चप्पल वाजली आणि कडी निघाली.

"अरे, तू आलास?" ताईचा आवाज.

"मीच राहतो इथे," दादा म्हणाला.

ताईने सगळं घर बघितलं. पट्ट्यांवर पाय न देता बघितलं, लहान मुलीसारखी उड्या मारत. दादाने तिला बाथरूमपर्यंत जाऊन येऊन दाखवलं. एकदा अडकला, थांबला, पट्टीकडे बघितलं, निघाला. ठकीनेही पाणी आणून दिलं, पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मी सगळं सांगितलं. ताई म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या सेन्सरांपायी दुकान पालथं घातलंस आणि औषध निघालं चिकटपट्टीत." पण डोळे पुसत म्हणाली. जेवण झाल्यावर तिने शुश्रूषागृहाला फोन करून जागा सोडली. मला वाटलं, जिंकलो.

मग तिने विचारलं, "माझ्याकडच्या फरशीलाही चिकटेल ना ही?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पट्टी काय, कुठल्याही फरशीला चिकटते. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "चिकटेल की. येतो आठ दिवस. तुझी गॅलरी बघून किती वर्षं झाली."

त्याचा चेहरा उजळला होता. वर्षभर हा माणूस एका खुर्चीत बसून होता, त्याला जावंसं वाटणारच. हे कळतं मला. तरी राग आला. तो पडू नये म्हणून मी त्याला ठेवून घेत होते की मला एकटीला हे घर खायला उठेल म्हणून? आज हा प्रश्न लिहून ठेवते. उत्तर मला माहीत आहे.

बॅग भरलेलीच होती.

१ मार्च

निघाले. घरातलं सोपं होतं. पण बाहेरच्या पायरीपासून ताईच्या गाडीपर्यंत सिमेंटची वाट आहे. तिथे धूळ, चिकटपट्टी धरेना. दादा दारातच अडकला. ताईने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. माझ्याकडे बघितलं.

घरात जाऊन खडू घेऊन आले. वाकले आणि दारापासून रेषा ओढायला लागले, एक, मग पुढची, फाटकाबाहेर, थेट गाडीच्या दारापर्यंत. महिनाभर ज्याला घरात ठेवायला धडपडले त्याच्या जाण्याची वाट मीच आखत होते. रडू येत होतं. पण रेषा सरळ आल्या.

तो त्यांच्यावरून चालत गेला. सदऱ्याच्या खिशात चिकटपट्टीचं भेंडोळं, त्याने खिसा फुगलेला. गाडीत बसून काच खाली केली.

"पुढच्या रविवारी परत. हाच रस्ता. पुसू नकोस."

"बघू, राहशील थोडा जास्त," ताई म्हणाली.

"बघू काय? मला चालता येतं," दादा म्हणाला.

गाडी कोपऱ्यावरून वळली. मी फाटकाशी उभी होते तेवढ्यात मावशी झाडू घेऊन आल्या आणि वाट झाडायला वाकल्या. मी म्हटलं, एवढा भाग सोडा.

"का हो? शाळा भरवताय की काय?"

"नाही," म्हटलं. "दादा यायचाय."